ख्रिस्ती श्रद्धा आणि स्वतःचा स्वीकार : विश्रामपूर ते केडगाव

रायपूरच्या पंडरीतला कापड बाजार मागे टाकून मोव्याकडे जाणारा रस्ता पुढे बलौदाबाजारला पोचतो. जुन्या रायपूर जिल्ह्याच्या या पट्ट्यात एका प्रश्नाचा शोध दोनशे वर्षे चालू आहे. ज्याला समाजाने जन्मतःच हीन ठरवले, त्याने स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहावे? गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात सतनाम पंथातून एक उत्तर दिले. १८६८ मध्ये ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी या भागात आले, त्यांनी विश्रामपूर वसवले आणि दुसरे उत्तर पुढे ठेवले. पुढे शंभर वर्षांनी याच बलौदाबाजारच्या न्यायालयात रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर मध्य प्रदेशच्या १९६८च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ख्रिस्ती श्रद्धेमुळे माणूस स्वतःला स्वीकारू शकतो का, हा प्रश्न एरवी प्रवचनांत किंवा मानसोपचाराच्या पुस्तकांत भेटतो. छत्तीसगड आणि महाराष्ट्राचा इतिहास जवळ ठेवला तर त्याला पुरावे मिळतात, आणि ते पुरावे दोन्ही बाजूंच्या ठाम माणसांना अडचणीत आणणारे आहेत. ते पाहून माझे मत असे झाले आहे : ही श्रद्धा माणसाला स्वतःचा स्वीकार देऊ शकते, पण तो खरोखर मिळाला की नाही हे त्याच्या साक्षीवरून किंवा बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून कळत नाही. ज्याने हात दिला त्यालाही वेळ आल्यावर नकार देण्याचे बळ त्याच्यात आले का, यावरून ते कळते.

आधी या श्रद्धेचा दावा नेमका काय आहे तो पाहू. ‘तू आहेस तसा छान आहेस’ असे ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणत नाही. पौल, ऑगस्टीन, ल्यूथर या परंपरेचे म्हणणे याहून कठोर आहे : माणूस आपल्या पुण्याईने, कुळाने किंवा कर्मकांडाने स्वतःची किंमत सिद्ध करू शकत नाही, ती किंमत देव कृपेने, आधीच, बिनशर्त देतो. २०व्या शतकात पॉल टिलिख या जर्मन-अमेरिकन धर्मचिंतकाने १९४८ साली छापलेल्या एका प्रवचनात याला आधुनिक भाषा दिली. आपण स्वीकारले गेलो आहोत एवढेच माणसाने स्वीकारायचे असते, असा त्याचा आशय आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स कडक प्रोटेस्टंट घरात वाढले होते आणि काही काळ धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकले होते. पुढे त्यांनी उपचारकाने रुग्णाला बिनशर्त आदर द्यावा हे तत्त्व मांडले. त्या तत्त्वातून देव गेला, पण घडण तीच राहिली : आधी कुणीतरी दुसऱ्याने स्वीकारायचे, मग स्वतःला स्वीकारता येते. विल्यम जेम्सने १९०२च्या ग्रंथात ‘दोनदा जन्मलेली’ माणसे वर्णिली आहेत. त्यांनाही स्वतःच्या बळावर स्वतःशी जुळते घेणे जमलेले नसते. प्रश्न उरतो तो हा, की हा ‘दुसरा’ कोण, आणि तो देव असला तर त्याच्या नावाने बोलणारी माणसे स्वीकारानंतर काय मागतात.

मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण छत्तीसगडच्या वाटेवर घडले. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी युरोपियन प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या, आणि उतरताना त्याने टिळकांना नवा करार देऊन तो वाचण्याचे वचन घेतले. टिळक तेव्हा नवा धर्म स्थापावा अशा विचारात होते. हिंदू समाजाच्या स्थितीने अस्वस्थ होते आणि स्वतःच्या चंचल स्वभावानेही बेजार होते. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि त्यांना पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथपर्यंतची हकिगत मिशनच्या चरित्रांत आवडीने सांगतात. पण मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. टिळकांनी तुकाराम सोडला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असेच ते म्हणत. साहेबी भजनांच्या जागी त्यांनी अभंग आणि कीर्तन आणले. अमेरिकन मराठी मिशनच्या आधाराने ते उभे राहिले होते, पण १९१७ मध्ये त्यांनी त्या मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. अन्न, पगार, पाळकपद हे सारे ज्यांच्याकडून मिळाले त्यांच्यापासून वेगळे होताना टिळकांना ख्रिस्तापासून वेगळे व्हावे लागले नाही. ब्राह्मण असण्याचा मान गेला होता, मिशनचा माणूस असण्याचा आधारही त्यांनी स्वतः सोडला, तरी माणूस कोसळला नाही. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले.

पंडिता रमाबाईंची वाट अधिक खडतर होती. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पती वारले, पदरी लहान मुलगी. संस्कृत पांडित्याने कलकत्ता गाजवलेली ही बाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात मुलीसह ख्रिस्ती झाली. त्या मठातल्या भगिनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळत. ते काम रमाबाईंनी पाहिले, आणि शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीपाशी बोलतो तो प्रसंग त्यांना समजावून सांगितला गेला. ज्या स्त्रीला गाव टाकते तिच्याशी देवाचा माणूस धर्माची चर्चा करतो, ही गोष्ट त्यांना हलवून गेली. एवढ्याने रमाबाई शांत झाल्या असतील असे कुणी समजेल, पण त्यांचा पत्रव्यवहार निराळे सांगतो. भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी त्रैक्यापासून पुनरुत्थानापर्यंत एकेका मुद्द्यावर वाद घातला. पुरोहितांच्या जोखडातून सुटलेली मी दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेणार नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले तेव्हा त्या संतापल्या. शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, असेही विचारले.

पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी एक फार प्रामाणिक गोष्ट नोंदवली आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा तिचा आशय आहे. आतली शांती १८९१च्या सुमारास आली. मिशनच्या हिशेबात ज्या दिवशी सगळे पूर्ण झाले, त्याच्या आठ वर्षे नंतर खरी गोष्ट घडली, आणि मधल्या काळात त्या वाद घालत होत्या, अमेरिकाभर फिरत होत्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडत होत्या. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आज्ञाधारकपणाने त्यांना शांती दिली नाही. नकार देऊन, उत्तरे मागून झाल्यावर ती आली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या, त्या केडगावच्या मुक्तिसदनात. तिथे त्या मुलींना नुसते अन्न मिळाले नाही. शिक्षण, हातचे काम, छापखानाही मिळाला. तिथे मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले रमाबाईंचे मराठी बायबलही छापले गेले.

लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष मला सर्वांत वजनदार वाटते, कारण त्यांना धर्मांतर करायचेच नव्हते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या काही वर्षे वेगळ्या, पंढरपुरास राहिल्या. परत आल्या तेव्हा नगरला ख्रिस्ती घरात राहूनही त्यांचे सोवळे चालूच होते. चूल वेगळी, पाणी वेगळे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की कुणाच्या उपदेशाने हे सुटले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आपणहून उभा राहिला, त्याचे उत्तर त्यांनीच दिले, आणि मग त्या सर्वांच्या हातचे पाणी प्यायल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. श्रद्धेच्या आधी पाण्याचा पेला आला. १९३४ ते १९३६ या काळात भाग भाग करून प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचा भाबडेपणा, नवऱ्याचा संताप, मिशनमधले हेवेदावे, काही झाकले नाही. ज्या माणसाला स्वतःची लाज वाटत नाही त्यालाच असे मोकळे लिहिता येते. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्यायही त्यांनीच पुढे लिहिले, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने ते लिहावेत की नाही हे त्यांनी कुणाला विचारले नाही.

या यादीत सगळेच सुखरूप पोचले असे नाही. नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे हे काशीत वाढलेले मराठी पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या विद्वत्तेने रमाबाईंनाही प्रभावित केले, पण ते स्वतः आयुष्यभर शंका आणि आपल्या अपात्रतेच्या भावनेने पोळत राहिले. श्रद्धा दृढ असूनही मन शांत नसते याचे हे उदाहरण बाजूला सारता येत नाही. धर्म आणि मनःस्वास्थ्य यांवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी दाखवले आहे की संकटात देवाचा आधार वाटणे आणि देव आपल्याला शिक्षा करतो आहे असे वाटणे या दोन गोष्टींचे परिणाम उलटे असतात. दुसरी भावना आजारी माणसाला आणखी खचवते. म्हणजे ‘श्रद्धा’ हे एकच औषध नाही. ज्या देवावर श्रद्धा आहे तो कसा आहे, हे आधी विचारायला हवे.

आता विश्रामपूर. मूर्तिपूजा न मानणारा, एका सत्य नामाला भजणारा सतनामी समाज एकगठ्ठा ख्रिस्ताकडे येईल, अशी लोर यांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. आली ती थोडी कुटुंबे, आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत आणखी काही. याचे कारण मला सरळ दिसते. सतनामींनी स्वतःला स्वीकारण्याचे काम घासीदासांच्या मागे जाऊन आधीच सुरू केले होते. ज्याच्या हाती स्वाभिमान आहे त्याला तो पुन्हा दान म्हणून नको असतो. जे ख्रिस्ती झाले त्यांच्याविषयी इतिहासकार सौरभ दुबे यांनी बारकाईने लिहिले आहे. मिशन हेच गावाचे मालगुजार होते, म्हणजे पाळक, जमीनदार आणि मालक एकच. चुडी पद्धतीने होणारे दुसरे लग्न मिशनरींना व्यभिचार वाटे, लोकांना ती चालत आलेली रीत वाटे. मंडळीत आल्यावरही सोयरिकीचे आणि खाण्यापिण्याचे जुने नियम बरेच टिकले. पुढच्या पिढ्यांत विश्रामपूरची मंडळी मिशनच्या कारभाराविरुद्ध बोलू लागली. मिशनरींनी याला कृतघ्नपणा समजले असेल, पण मला यात शुभवर्तमान पोचल्याची सर्वांत भक्कम खूण दिसते. देवापुढे आपण आणि साहेब समान आहोत हे ज्याने खरोखर ऐकले, तो कधीतरी साहेबाला जाब विचारणारच.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. हयातीत अप्रकाशित राहिलेल्या त्यांच्या लेखनात धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीची चर्चा आहे. हिंदू असताना त्या माणसाला सांगितले जाते की तुझी ही दशा पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगतात की ती पूर्वजाच्या पापामुळे. दोन्हीकडे समाजाचा दोष त्याच्याच माथी येतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा घाव वर्मी बसणारा आहे. आदिपापाचा सिद्धांत गर्विष्ठ माणसाला जमिनीवर आणण्यासाठी घडला. तोच आधीच पायदळी असलेल्याला ऐकवला की त्याची मान आणखी खाली जाते. आपल्या चर्चमधून हे शतकभर घडले आहे, आजही घडते, आणि बाबासाहेबांचे म्हणणे इथे मी पूर्ण मान्य करतो. पण शुभवर्तमानात येशू स्वतः कुणाला काय सांगतो हे पाहिले तर दोष वाटण्याची रीत निराळी दिसते. परूशी, श्रीमंत, मंदिराचे व्यापारी यांना तो पापाची जाणीव करून देतो. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे. तेव्हा येशू दोन्ही नाकारतो. ही गोष्ट योहानाच्या नवव्या अध्यायात आहे, आणि कर्मसिद्धांत व आदिपाप या दोहोंच्या वापरावर तीत एकदम उत्तर आहे. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीच्या परंपरेत बसवले ते याच जाणिवेतून, आणि ते स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. येशू घ्यावा आणि चर्चची मालकी नाकारावी ही निवड त्यांनी टिळकांच्या कितीतरी आधी केली होती.

दुसरा आक्षेप आमिषाचा. १९५४ मध्ये रायपूरच्या रविशंकर शुक्लांच्या सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६च्या तिच्या अहवालाने मिशनकार्यावर प्रलोभनाचा ठपका ठेवला. पुढे १९६८चा कायदा आला, आणि १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. दुष्काळात धान्य देऊन माणसे जोडली गेली हे खरे आहे, आणि भुकेल्यापुढे अन्नाबरोबर अट ठेवणे हे येशूच्या नावाला लांच्छन आहे. तरीही आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात एक गृहीतक असते, की गरीब माणूस पोटासाठी आला म्हणजे त्याच्या आत काही घडूच शकत नाही. टिळक ब्राह्मण होते म्हणून त्यांचा शोध आध्यात्मिक आणि विश्रामपूरचा सतनामी दुष्काळात आला म्हणून त्याचा शोध भाकरीचा, ही वाटणी मला मान्य नाही. ज्याच्या ताटाला कुणी शिवत नव्हते त्याच्याशी एका पंगतीत कुणी जेवले, तर त्या भाकरीत आणि त्या माणसाच्या आत्मसन्मानात भिंत कुठे घालायची? कायद्याने जबरदस्ती आणि फसवणूक तपासता येईल. आतले पालटणे दंडाधिकाऱ्याला कळवलेल्या सूचनेवरून मोजता येत नाही.

तिसरा प्रश्न असा, की हेच इतर वाटांनीही मिळत असेल तर ख्रिस्ताची गरज काय? मिळते, हे कबूल केले पाहिजे. सतनाम पंथाने दिले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी ते बुद्धाकडून घेतले. चांपा येथे मेनोनाइट मिशनने गेल्या शतकाच्या आरंभी कुष्ठरुग्णांसाठी जे केले, तसेच शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमट्यांनी आनंदवनात ख्रिस्ती न होता केले. ख्रिस्ती माणसाने याने खट्टू होऊ नये. त्याच्या श्रद्धेचे वेगळेपण एवढेच, की तीत स्वीकार करणारा देव स्वतः तुच्छ ठरवलेल्याच्या जागी, शहराबाहेर, क्रूसावर उभा असतो. ज्याला शरीराची, कुळाची, भूतकाळाची लाज वाटते त्याला हे चित्र जितके जवळ येते तितके थोडीच चित्रे येतात.

पण हे चित्र मांडणारी संस्था जेव्हा स्वीकाराला अट लावते तेव्हा हानी मोठी होते. समलिंगी माणसांना ‘बदलण्याचे’ वचन देणारी अमेरिकेतली एक्सोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संघटना २०१३ मध्ये, आपल्या कामाने झालेल्या दुःखाबद्दल माफी मागून, बंद झाली. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देण्यास मुभा दिली, विवाहाची शिकवण मात्र तीच ठेवली. आपल्याकडच्या चर्चमध्ये यावर फारसे बोललेच जात नाही, आणि ज्याने तिथे बसून हे सोसायचे त्याला ते मौन नकारासारखेच ऐकू येते.

छत्तीसगडमध्ये आजचा सर्वांत जिवंत प्रश्न मात्र कागदाचा आहे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. सतनामी ही छत्तीसगडच्या यादीतली जात आहे. पण सतनामी कुळातला माणूस ख्रिस्ती झाला की कागदावर ती जात संपते, जरी गावाने, सोयरिकीने, अनेकदा खुद्द मंडळीनेही ती विसरलेली नसते. १९८५च्या सूसै खटल्यात ख्रिस्ती चर्मकाराची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने धर्मांतरानंतरही तीच हलाखी चालू असल्याचा पुरावा मागितला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला गेला. व्यवहारात याचा परिणाम असा होतो, की सवलत हवी तर श्रद्धा लपवायची आणि श्रद्धा सांगायची तर आजोबांनी सोसलेले मिटवायचे. आपल्या आयुष्याचा अर्धा भाग दडवून कुणालाही स्वतःला पूर्ण स्वीकारता येत नाही, म्हणून हा आदेश बदलला पाहिजे असे मला वाटते. आणि चर्चनेही ‘आमच्यात जात नाही’ हे ठरीव उत्तर सोडून, आपल्या मंडळ्यांत आजही लग्ने कुठल्या घरांत ठरतात आणि समित्यांवर कोण बसते, हे त्या आयोगापुढे स्वतःहून, नोंदींसह मांडले पाहिजे.